बायांच्या मढीतली टिकटिक

पौर्णिमाबाई पडघान यांना स्वेटर विणायचा नाद आहे, असं सांगितलं की ऐकणारा आधी हसतो. हसू द्या. अनसिंगला थंडी ती किती, आणि उन्हाळा केवढा! होळी झाली नाही तोच माणसं ओले दुपट्टे डोक्याला गुंडाळून हिंडायला लागतात. अशा गावात ही बाई बाराही महिने लोकरीचे गुंडे पिशवीत घेऊन फिरते. एसटीच्या खिडकीशी, दवाखान्याच्या बाकड्यावर, विहारात भन्तेजींचं प्रवचन रंगात आलेलं असताना, कुठंही तिच्या सुया चालूच असतात. भन्तेजींनी एकदा हटकलं, तेव्हा तिनं सांगितलं की हात रिकामे असले की मन ऐकत नाही. त्यांनी पुन्हा हटकलं नाही. त्यांना तिचं घर ठाऊक होतं.

विणायला तिला शिकवलं वाशिम स्टेशनवरच्या दौलतसिंग गँगमनच्या बायकोनं. ती थंड मुलखातली, लग्न होऊन इकडं येऊन पडलेली. सुलट टाका, उलट टाका, घरं घालणं, घरं कमी करणं, सगळं तिनं शिकवलं, आणि एक नियम घालून दिला. ओळ अर्धी टाकून उठायचं नाही. दूध उतू जाऊ दे, दारात पाहुणा उभा राहू दे, ओळ संपवायची आणि मग उठायचं. यात देवाधर्माचं काही नव्हतं. अर्ध्यावर टाकलेली ओळ परत हाती घेतली की आपण कुठल्या बाजूनं कुठं चाललो होतो तेच कळत नाही, एवढंच.

पौर्णिमानं तो नियम आयुष्यात एकदाच मोडला.

सपना तेव्हा चौथीत होती. तिला पिवळं स्वेटर हवं होतं, तेही हळदीसारखं पिवळं, लिंबासारखं नको. अंग विणून झालं होतं, एक बाही जोडून झाली होती, दुसरी सुईवर होती. पोरीचा ताप दोन दिवसांनी उतरला म्हणून आई निवांत विणत बसली होती. आतून सपनानं पाणी मागितलं. तिच्या आवाजात काहीतरी होतं, म्हणून पौर्णिमा अर्ध्या ओळीतून उठली. पुढं दवाखाना, मोठा दवाखाना, सलाइनच्या बाटल्या. डॉक्टरांनी कसूर केली नाही. पोरगी राहिली नाही.

या गोष्टीला बारा वर्षं झाली. पौर्णिमाचा नवरा अश्वजित, जिल्हा परिषदेच्या शाळेतला मास्तर, आता निवृत्त. सरळ माणूस, बोलायला थोडा कडक. बापानं दीक्षा घेतलेली, त्यामुळं पिंडदान, श्राद्ध, कावळ्याला घास असलं काही त्यांच्या घरात नाही. विहारात वंदना झाली, पुण्यानुमोदन झालं, आणि पोरीचे कपडे अश्वजितनं स्वतःच्या हातानं गरजूंना वाटले. पिवळं स्वेटरही त्यातच गेलं असं तो समजून चालला. ते गेलं नव्हतं. पौर्णिमानं ते सुयांसकट, अर्ध्या ओळीसकट जुन्या पांढऱ्या लुगड्यात गुंडाळून पेटीच्या तळाशी ठेवलं होतं. हे जगात कुणालाच माहीत नव्हतं. चोरी करावी तसं तिनं ते केलं होतं आणि तिला त्याची लाजही वाटायची.

त्यानंतर तिला दुपारी घर खायला उठायचं. माणसं कामावर, गल्ली सामसूम, आणि आतल्या खोलीतून आता कुणी पाणी मागेल असं वाटत राहायचं. अश्वजितला ते दिसत होतं. त्यानं शाळेच्या कपाटातून जुन्या देवळा-मठांवरचं एक जाडजूड पुस्तक आणून तिच्यापुढं ठेवलं. त्याला वाटलं, बाई वाचत बसेल. बाई वाचून उठली आणि चालायला लागली.

तिचे वडील शेषराव नेहमी म्हणायचे की आंबझरीच्या माळावरची मढी मुळात आपलं विहार होतं. पौर्णिमा आधी ते शोधायला निघाली. मग तिला मठांचाच नाद लागला. रिसोडकडं जीपमध्ये दाटीवाटीनं बसून जायची, मंगरूळपीरला उतरून पुढं पायी जायची. कुठं नाथपंथीयांची समाधी, कुठं जैनांचा पडका मठ, कुठं नुसत्या चार शिळा. लोक अशा ठिकाणी वहीत टिपतात, फोटो काढतात. ही सुईवर टिपायची. दगडावर वेल असेल तर वेल, साखळी असेल तर साखळी, तिथंच बसून लोकरीत उतरवायची. एकाच लांब पट्टीवर प्रत्येक ठिकाणाची एकेक वीत. पट्टी आता घराच्या लांबीपेक्षा मोठी झाली होती. अश्वजित चिडवायचा की ही घालायला माणूस तरी तेवढ्या लांबीचा आण.

तर ती आंबझरीची मढी. गावात तिला बायांची मढी म्हणतात. काळ्या दगडाच्या एका रांगेत तीन खोल्या, वर छपराच्या जागी अर्ध्या शिळा, समोर घाणेरीचं रान. पौर्णिमाला तिथं विहार सापडलं नाही. एका महानुभाव आश्रमातल्या म्हाताऱ्या तपस्विनीनं तिला सांगितलं की यादवांच्या काळात आमच्या पंथाच्या बाया अशा ओस जागी येऊन राहायच्या. घरदार सोडून, लेकरंबाळं सोडून. भिक्षा मागून खायचं, आणि दुपारी एकटीनं निर्जन जागी बसून स्मरण करायचं. त्याला विजन म्हणतात. चौकटीवरचं नक्षीकाम मात्र आमच्या बायांचं नव्हे, असंही ती म्हणाली. ते आधीच्या कुणाचं तरी.

ती चौकट हेच पौर्णिमाचं दुखणं होतं. मधल्या खोलीच्या दाराला तळापासून एक वेल कोरत वर नेलेली आहे, पान, कळी, पान, कळी, आणि खांद्याच्या उंचीवर एका पानाच्या मध्यावर ती थांबते. पुढं कोरा दगड. पान अर्धं. कोरणारा उठून गेला आणि परत आलाच नाही. कुणी म्हणे फौज आली, कुणी म्हणे पटकी. तिनं पुष्कळ माणसांना विचारलं, पुष्कळ पुस्तकं चाळली, अंदाज बांधले आणि ते चुकीचे निघाले. मग ती नुसतीच जायला लागली. त्या अर्ध्या पानासमोर बसलं की तिला बरं वाटायचं. आपल्यासारखंच कुणाचं तरी काम राहून गेलंय, एवढंच. बसायला मधल्या खोलीत एक ओटा होता, बसून बसून खोलगट झालेला. शेकडो वर्षांत किती बायका बसल्या असतील कोण जाणे. ती पहिल्यांदा टेकली तेव्हा दगड तिच्या मापाचा निघाला, आणि गारही. बाहेर मात्र ऊन नुसतं पेटलेलं होतं.

भुताखेतांवर तिचा विश्वास नव्हता, आजही नाही. पण दोन गोष्टी तिला सांगता येत नव्हत्या. एक, ती सुया थांबवायची तेव्हा टिकटिक लगेच थांबायची नाही. किंचित पुढं चालायची आणि मग थांबायची. दगडाचा प्रतिध्वनी, असं ती स्वतःला समजवायची. दुसरी, मढीत विणलेल्या ओळीत दर वेळी एक टाका जास्त निघायचा. एसटीत नाही, घरी नाही, फक्त तिथं. ती मोजून घरं घालायची, मोजून विणायची, आणि उठताना सुईवर एक घर जास्त. जणू शेजारी बसलेल्या कुणीतरी आपलंही एक घालून ठेवलं. घरी आल्यावर ती तो टाका मुकाट्यानं काढून टाकायची.

आता गंमत बघा. माणूस भुताला भ्यायला निघतो आणि भूत कुठं भेटतं, तर भाजीबाजारात.

आंबझरीची गोजराबाई बोराडे अनसिंगच्या बाजारात मेथी, वांगी, कोथिंबीर घेऊन बसते. त्या दिवशी पौर्णिमा मेथीची जुडी निवडत होती आणि तिचं लक्ष शेजारी खेळणाऱ्या एका लेकराच्या मनगटाकडं गेलं. तिथं लोकरीचा धागा बांधलेला होता. हिरवा, त्यात तांबडी झाक. तो तिचाच धागा होता. असला रंग वाशिमच्या एका दुकानात एकदाच आला होता आणि उरलेला सगळा तिनंच उचलला होता. तिनं विचारलं, हा कुठला. गोजराबाईनं इकडंतिकडं बघितलं आणि आवाज बारीक करून सगळं सांगितलं. मढीत एक बाई हाय. तिचे धागे दगडावर पडलेले सापडतात. ते बांधले की लेकराची नजर उतरते, तापही जातो.

"लय जुनी हाय थे बाई," गोजराबाई म्हणाली. "भर दुपारी मधल्या खोलीत बसते. हाडं वाजवते अन् मोजून राह्यते."

"काय मोजते?"

"लेकरं. गेलेले लेकरं. सारे तिच्यापाशीच राह्यतात ना."

वर तिनं पौर्णिमाला बजावलं की तुमच्यासारखीनं त्या बाजूला फिरकू नये. पौर्णिमा मेथी घेऊन निघाली. आधी तिला हसू आलं, मग रस्त्यातच ते विरलं. बारा वर्षं आपण घराबाहेर बसून विणत राहिलो आणि लोकांनी आपल्याला जिवंतपणी भूत करून टाकलं. खरं सांगायचं तर त्यात फारसं खोटंही नव्हतं.

तिनं घरी सांगितलं आणि अश्वजित उसळला. सारी हयात त्यानं पोरांच्या गळ्यातले गंडे सोडवण्यात घालवली होती, आणि आता गंडे निघाले ते त्याच्याच बायकोच्या पिशवीतून! त्यानं आंबझरीच्या रामराव सरपंचाला फोन लावला आणि रविवार ठरवून टाकला. सगळं गाव मढीपाशी जमवायचं, पौर्णिमानं आत बसून सुया वाजवून दाखवायच्या, म्हणजे विषय संपला. तिनं हो म्हटलं. म्हणायलाच हवं होतं.

रविवारच्या आधी ती एकदा एकटीच जाऊन आली. पुन्हा तशी निवांत दुपार मिळणार नव्हती. ती ओट्यावर बसून विणत होती, तेव्हा मागच्या भिंतीपलीकडं पाचोळा वाजला. कुणीतरी येऊन भिंतीला टेकून बसलं. मग बाईचा आवाज आला, हळू, अदबीचा, वडीलधाऱ्याशी बोलावं तसा.

"बाई, मी वर्षाराणी. गोजराबाईची सून. माही अंजू तुमच्यापाशी आली का? पौषात गेली थे. अंगात नुस्ता फ्रॉक होता तिच्या. तिले थंडी तं नाई ना वाजत?"

पौर्णिमाच्या सुया थांबल्या. बाहेर जाऊन त्या बाईला धरावं, म्हणावं, अगं मी आहे, पडघान मास्तरांची बायको, इथं कुणी नाही. रोज सकाळी ती पंचशील म्हणते, त्यात खोटं न बोलण्याचं शील आहे. पण तिच्यानं उठवलं नाही. कारण हाच प्रश्न तिनं बारा वर्षं दातांखाली धरून ठेवला होता आणि तो विचारायला तिला जगात भिंतसुद्धा मिळाली नव्हती. तिच्या तोंडून होय निघालं नाही आणि नाही पण निघालं नाही. डोळ्यांतून पाणी वाहत राहिलं आणि हात आपोआप विणायला लागले. टिक टिक, टिक टिक. बाहेर बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग वर्षाराणीचा आवाज आला, "बरं... बरं." कुणाचं तरी ऐकून घेत मान हलवावी तसा. पाचोळा वाजला आणि ती गेली. बिचारी स्वतःचीच समजूत घालत असावी, असं पौर्णिमाला वाटलं. उठताना तिनं टाके मोजले नाहीत.

घरी येऊन तिनं अश्वजितला विनवलं की रविवारचं राहू द्या. एका बाईला तेवढाच आधार आहे, तो आपण कशाला काढून घ्यायचा. अश्वजित चिडला नाही. म्हणाला, "उद्या एखाद्या पोराले ताप चढला, अन् दवाखान्यात न्यायचं सोडून त्यायनं तुह्या धागाच बांधला तं?"

ताप म्हणजे काय हे त्या घराला सांगायची गरज नव्हती. नवऱ्याचं बरोबर होतं, आणि रविवारी आपण त्या पोरीचं लेकरू दुसऱ्यांदा हिरावून घेणार हेही तितकंच खरं होतं.

रविवारी सकाळी आंबझरी लोटली. रामरावांनी सतरंजी टाकली होती. पौर्णिमा मधल्या खोलीत गेली, ओट्यावर बसली आणि विणायला लागली. बाहेर चिडीचूप. टिक टिक. तोंडातल्या तोंडात तिचं मोजणंही चाललं होतं. मग कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले. गोजराबाईनं कपाळावर हात मारून घेतला आणि म्हणाली की या बाईलेच मी मढीत जाऊ नोको म्हणून सांगतलं होतं! बायका आत येऊन सुया हातात घेऊन बघू लागल्या. पौर्णिमानं कात्रीनं धाग्याचं टोक कापून दाखवलं, ते कसं दगडावर पडतं ते दाखवलं. अश्वजितनं भाषण केलं. चांगलं केलं. तापाचं बोलताना त्याचा आवाज जरा फाटला, तेवढं सोडून. काही आयांनी तिथल्या तिथं पोरांचे धागे तोडले.

वर्षाराणी हसत नव्हती. ती चौकटीपाशी उभी होती, त्या अर्ध्या पानावर हात ठेवून. चोवीस-पंचवीसची असेल, चेहऱ्यानं मोठी वाटायची. चहा सुरू झाला तेव्हा पौर्णिमा आपण होऊन तिच्याजवळ गेली. जे करायचं ते तोंडासमोर करावं, असं तिनं ठरवलं होतं.

"त्या दिवशी आतमंदी मीच होतो," ती म्हणाली. "तू इचारलं अन् मी काईच बोललो नाई. मले माफ कर माय."

वर्षाराणीनं तिच्याकडं शांतपणे बघितलं. "तुमी नाई बोलल्या, माईत हाय मले. तुमच्या सुया तं वाजून राह्यल्या होत्या. बोलली थे तुमच्या बाजूची."

"माह्या बाजूले कोणीच नव्हतं."

"होती ना. जुन्या वक्ताची वाटे बोलण्यावरून. म्हणे, अंजूले थंडी नाई वाजत. एक मोठी पोरगी हाय तिथी, थे तिले पोटाशी धरून निजते." वर्षाराणीनं आवाज खाली आणला, त्या दुसऱ्या पोरीची लाज राखावी तसा. "त्या पोरीच्या अंगात पिवळं स्वेटर हाय म्हणे, हळदीवाणी पिवळं. पण एकच बाही हाय त्याले. एक हात उघडा राह्यते. तेवढा गार पडते तिचा."

पौर्णिमाला पुढचं काही ऐकू आलं नाही. लोक बोलत होते, कप वाजत होते, अश्वजित कुणाला तरी विज्ञान समजावत होता. तिनं चौकटीचा आधार घेतला. हाताखाली दगडाचं अर्धं पान लागलं, आणि उन्हातल्या दगडाला असू नये इतकं ते गार होतं.

परतीची जीप मिळेपर्यंत संध्याकाळ झाली. घरी आल्यावर चपलासुद्धा न काढता आतल्या खोलीत गेली, पेटी उघडली आणि तळाशी हात घातला. पांढरं लुगडं जमिनीवर सोडलं. स्वेटर जसंच्या तसं होतं, रंग जरासुद्धा उतरला नव्हता. सुया मात्र गंजल्या होत्या, आणि चार बोटं विणून झालेल्या दुसऱ्या बाहीची ओळ मध्यावर थांबलेली होती.

अश्वजित पाणी प्यायला आत आला आणि दारातच उभा राहिला. दिवेलागणीची वेळ होती. त्यानं तो पिवळा रंग ओळखला. "हे तं मी देलं होतं ना," तो म्हणाला, आणि मग त्याचं त्यालाच कळलं की दिलं नव्हतं. पौर्णिमानं त्याला सगळं सांगितलं. भिंतीपलीकडून वर्षाराणीनं विचारलेलं, आपलं गप्प बसणं, एका बाहीचं. तिला वाटलं, हा आता भाषण करणार. सकाळचं भाषण अजून त्याच्या गळ्यात गरम असणार. हे कसं घडलं असेल याची चार कारणं तो सांगेल आणि त्यातलं एखादं पटेलही.

तो खाली बसला. लुगड्याच्या घडीत उरलेल्या पिवळ्या लोकरीची एक लड तशीच होती, तिचा गुंडा करायचा राहून गेला होता. त्यानं ती उलगडली, दोन्ही हातांत ताणून धरली आणि बायकोपुढं हात केले. सपना असताना हे काम तिच्याकडं असायचं.

पौर्णिमानं गुंडा केला. सुया पदरानं पुसल्या. ओळ कुठून कुठं चालली होती हे तिला कळेना, तिनं दोनदा उलटीपालटी करून पाहिली. दौलतसिंगची बायको सांगायची ते खरंच होतं. मग तिनं डोळे मिटले आणि हातांना चालू दिलं. ओळ पुरी झाली. तिनं टाके मोजले. एक जास्त होता. तो तिनं काढला नाही.

अश्वजित सुयांकडं बघत बसला होता. मग खाली मान घालून, कुणी ऐकू नये अशा आवाजात म्हणाला, "बाही थोडी लांब करजो. बारा वर्षं झाले. हात वाढले असतीन तिचे."